चौदावा ओटा

१

बुधवारी सकाळी सव्वादहा वाजता मालन परबवर थुंकीच्या अफरातफरीचा आरोप झाला.

गिरणगावात आजवर सुताची अफरातफर झाली, कापडाची झाली, गिरण्यांच्या जमिनीची तर भर दुपारी झाली आणि तिचं उद्घाटनही झालं. थुंकीची मात्र ही पहिलीच.

आरोप करणारे डॉ. राजाराम केंकरे परळच्या एका संशोधन संस्थेत विभागप्रमुख होते. साल दोन हजार चार. मुंबईच्या कोळीवाड्यांत कोण कुठून आलं, हे शोधायचं काम चालू होतं. मालननं चोवीस कोळणींना तोंडात पाणी घोळवायला लावून ते नळीत घ्यायचं, प्रयोगशाळेतल्या मीनाक्षीनं ते यंत्रात घालून वाचायचं आणि केंकऱ्यांनी त्यावर निबंध लिहून परदेशात जायचं, अशी कामाची वाटणी होती.

वाचायचं काय, तर पेशीतली एक चिमुकली पट्टी. ही पट्टी फक्त आईकडून येते, बापाला तिच्यात काडीचा वाटा नाही. आजीची आईला, आईची लेकीला, जशीच्या तशी. पिढ्यान् पिढ्यांत कधीतरी एखादं अक्षर बदलतं. मग ज्यांची पट्टी तंतोतंत सारखी त्या सगळ्या कागदावर एका वर्तुळात बसवायच्या. बायका जास्त तर वर्तुळ मोठं. दोन वर्तुळांमधल्या दोरीवर जितकी अक्षरं वेगळी तितक्या बारीक आडव्या रेघा. ह्या सगळ्या जाळ्याला हॅप्लोटाइप नेटवर्क म्हणायचं आणि भिंतीवर लावायचं.

केंकऱ्यांच्या भिंतीवरच्या जाळ्यात मधोमध एक गलेलठ्ठ वर्तुळ होतं. अकरा बायकांचं. गेल्या आठवड्यात त्यांनी त्याचं नाव ‘मुंबईची आद्यमाता’ ठेवलं होतं आणि भाषणाची सुरुवातही लिहून काढली होती. काल संध्याकाळी नियमाप्रमाणे त्यांनी कर्मचाऱ्यांच्या पट्ट्याही जाळ्यात टाकल्या. नळीत चुकून आपलंच काही पडलं नाही ना, हे तपासायला.

“सात कोळीवाडे, चोवीस घरं, वेगवेगळी आडनावं,” केंकरे म्हणाले. “त्यातल्या अकरा जणी अक्षर न् अक्षर सारख्या. आणि बारावी तू. मी जिला आद्यमाता समजत होतो, मालन, ती तू निघालीस.”

“सर, मी त्या बायकांना भेटलेय.”

“घरोघरी?”

फॉर्मवर तिच्याच अक्षरात चोवीस वेळा ‘घरी भेट’ लिहिलेलं होतं.

“हो,” ती म्हणाली. हे त्या दिवसातलं पहिलं खोटं.

“शनिवारी अकराला समिती बसेल. त्याआधी ‘घरी बसून स्वतःच नळ्या भरल्या’ असं लिहून दे, कंत्राट गुपचूप संपवू. नाही दिलंस तर समिती लिहील. ते पत्र मग देशातल्या प्रत्येक प्रयोगशाळेत तुझ्या आधी पोचेल.”

“पुन्हा नमुने घेऊ या ना सर.”

“मीनाक्षीला सकाळीच पाठवलं होतं. बाजारात तुझ्या यादीतली एक बाई भेटली. ‘तुम्ही खरंच थुंकलात का’ एवढंच विचारलं मीनाक्षीनं. त्या बाईनं तिच्या अंगावर माशाचं पाणी टाकलं.”

२

लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर, परबांच्या शेजारी, कुशाबा राहत. गिरणीच्या फोल्डिंग खात्यात त्यांनी एकतीस वर्षं कापड तपासलं. टेबलावरून तागा सरकत जायचा, कुशाबांचा डोळा दोषावर. तुटका धागा, तेलाचा डाग, विरळ वीण. नुसता दोष बघून ते माग क्रमांक सांगायचे आणि विणकर सुटायचा किंवा अडकायचा. संपानंतर गिरणी उठली, तिथे आता काचेची इमारत आहे. कुशाबांच्या टेबलाच्या जागी लोक पैसे देऊन चेंडूनं बाटल्या पाडतात. कुशाबांचा डोळा मात्र रिकामाच राहिला होता.

मालननं जाळ्याची प्रत परबांच्या खोलीत चटईवर पसरली. बाप गुणाजी दारात उभा. आई कमल मोरीत भांडी घासत होती.

“हे मोठं ते तुझं. बरं. आन् ही कडंला एकटी कोण बसलीया?” कुशाबांनी बोट ठेवलं. कोपऱ्यातल्या चिमुकल्या वर्तुळावर ‘स-१’ असं लिहिलं होतं. मोठ्या वर्तुळापासून सात रेघा लांब.

“ती सरावाची नळी. ती मोजत नाहीत.”

“मग काढली कशाला?”

“राहिली चुकून.” मालननं कागदाचा तो कोपरा उगाच दुमडला.

कमल पातेलं पुसत बाहेर आली. “ह्या थुंकीतसून नेमकां काय कळता गो?”

“आईची आई, तिची आई. फक्त आईकडचं.”

कमलच्या हातातलं पातेलं खाली पडलं. तिनं ते उचललं नाही.

“मागे एकदा माझी पण घेतलेलस मां? गणपतीच्या आधी?”

“ती कधीच फेकली, आई.”

दुसरं खोटं.

गुणाजीनं विषय बदलायचा म्हणून बदलला. “बाजारातल्या बायकांका मी विचारतंय. मासळी मीच आणतंय ना. हिका बाजाराचो वास सोसत नाय.”

कुशाबांनी मान वर केली. मालवणची बाई, आणि मासळी बाजाराचा वास सोसत नाही!

ते निघाले तशी कमल मागोमाग गॅलरीत आली. इकडेतिकडे बघून हलक्या आवाजात म्हणाली, “कुशाबा, पाया पडतंय. ह्यां प्रकरण सोडा. पोरीक दुसरी नोकरी मेळात.”

“चोर म्हणून शिक्का बसंल तिच्यावर.”

“बसांदे,” कमल म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “शिक्को परवडलो.”

३

गुरुवारी संस्थेसमोरच्या चहाच्या टपरीवर कुशाबांनी मीनाक्षीला गाठलं. तिच्या ओढणीला अजून बोंबलाचा वास होता, त्यामुळे बाकावर जागा पुष्कळ होती.

“बाई, तुमच्या हातनं तर मालनची थुंकी सांडली न्हाई ना नळ्यांत?”

“काका, प्रत्येक वेळी एक नळी नुसत्या पाण्याची लावतो आम्ही. घाण पडली तर तिच्यातही दिसते. ती कोरी निघाली.” मीनाक्षी रागावली नाही, हे कुशाबांनी टिपलं. “मला मालनचं वाईट वाटतं. पण जाळं खोटं बोलत नाही.”

“जाळं कुठं बोलतंय? बोलत्यात ते सायेब.” कुशाबांनी कागद उघडला. “ह्या मोठ्या वर्तुळाला चिकटून एक पिल्लू हाय. मधी एकच रेघ. हे कोण?”

“सहा आणि सात नंबरच्या नळ्या. दोघी एकमेकींसारख्या, आणि मोठ्या वर्तुळापेक्षा एक अक्षर वेगळ्या. त्या दोघींवर संशय नाही.”

“आन् मोठ्यातल्या अकरा?”

मीनाक्षीनं वही काढली. “एक ते पाच, आठ ते तेरा.”

“म्हंजी एक ते तेरा सगळ्या इथंच. चौदापासनं पुढच्या?”

“त्या विखुरलेल्या. कुणी चार रेघा लांब, कुणी नऊ.”

“पहिल्या तेरांची वेळ काय लिवलीया?”

“सहा जून. दहा पाच ते... अकरा वीस.” मीनाक्षी थांबली. तिनंही ते आत्ताच वाचलं होतं.

सात कोळीवाडे, तेरा घरं आणि सव्वा तास. एवढ्या वेळात टॅक्सीवाला सुटे पैसेसुद्धा देत नाही.

संध्याकाळी कुशाबांनी मालनला जिन्यात धरलं. “पोरी, तू कुणाच्या घरी गेलीच न्हाईस.”

मालन पायरीवर बसली. “चार कोळीवाडे फिरले काका. सकाळी गेलं की दाराला कुलूप, बायका बाजारात. दुपारी गेलं की झोपलेल्या, उठवलं तर शिव्या. मग सहा जूनला सरळ बाजारात गेले आणि एका टोकापासून सुरुवात केली. सगळ्या भरभर थुंकल्या, दुसऱ्या दिवशी पलीकडच्या ओळीतल्याही. फॉर्मवर ‘घरी भेट’ छापलेला एकच रकाना होता... मी खोटं लिहिलं. पण थुंकी खरी आहे!”

“दुसरं काय लपिवतीस?”

“काही नाही,” मालन म्हणाली, आणि ह्या वेळी तिनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

४

शुक्रवारी सकाळी दोघं मासळी बाजारात शिरले. डाव्या भिंतीला सिमेंटच्या ओट्यांची एक लांब ओळ. तिच्या टोकाला पुतळाबाई, वय सत्तर, कानात सोनं, हातात कोयता.

“आली परत थुंकीवाली!” पुतळाबाई ओरडली. ओळीतल्या सगळ्या कोयत्यांचे आवाज थांबले. “तुजी ती ओढनीवाली मैतरीन मना इचारते, तुमी खरंच थुकलाव काय? सत्तर वर्सांत माज्या थुकीवर कोनी शक घेतला नवता!”

“मावशी, शक माझ्यावर आहे, तुमच्यावर नाही.”

“मंग तू कशाला रडतंस? माझ्या ओट्यावर रडू नको, पापलेट नरम पडतंय.”

कुशाबांनी पापलेट उचललं, कल्ला उघडून बघितला, नाक मुरडलं. भाव करायचा नसेल तर इथे कुणी बोलत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. अर्धा तास त्यांनी त्या पापलेटाची मनसोक्त निंदा केली. पुतळाबाईला माणूस आवडला.

“हा ओटा नवऱ्याकडनं आला व्हय?”

“नवऱ्याकडशी? त्याच्या बापाशीनं कवा ओटा बगितला! माज्या आयशीचा हाय. तिला तिच्या आयशीनं दिला.”

“आन् हे बाजूचे?”

“आमचेत रीत हाय. होडी लेकाला, ओटा लेकीला. लेकी दोन झाल्या तर आयस आपला ओटा अर्धा करते नायतर बाजूचा मिळवते. माझ्या पणजीची एक पाटी होती इथं, झाडाखाली. तिच्या लेकी, लेकींच्या लेकी...” तिनं कोयत्यानं ओळ दाखवली. “ही सोनूबाई, माज्या मावशीची लेक. ती बाजूला तिची पोर. लगीन होऊन कोन वरळीला गेली, कोन शिवला, कोन माहुलला. सकाळ झाली की सगल्या हितं.”

कुशाबांनी मनातल्या मनात मोजलं. तेरा. मालननं ज्या क्रमानं नळ्या भरल्या त्याच क्रमानं ओटे. सोनूबाई सहावी, तिची लेक सातवी. कापडातला दोष त्यांच्या डोळ्यांपुढून सरकत गेला आणि त्यावर माग क्रमांक आपोआप उमटला.

मग त्यांना चौदावा दिसला. ओळीच्या शेवटी एक रिकामा ओटा, धुऊन लख्ख, त्यावर एक पाटी पालथी घातलेली. अशा बाजारात, जिथे वीतभर जागेसाठी केस ओढले जातात.

“तो कुणाचा?”

“माज्या धाकट्या भैनीचा. सखूचा. ब्याऐंशी साली गेली, बालंतपनात. तिला लेक...” पुतळाबाई एकदम थांबली. तिनं पहिल्यांदाच मालनकडे नीट बघितलं. कपाळ, भुवया, हनुवटी. “तू कोनाची गो पोरी?”

“गुणाजी परबांची. लालबाग.”

“आयशीचं नाव?”

“कमल.”

कोयता ओट्यावर आडवा झाला. पुतळाबाईनं पापलेट कागदात गुंडाळलं, मालनच्या हातात कोंबलं आणि दोघांकडे पाठ फिरवून बसली.

५

दुपारी गुणाजी पाळीवर गेलेला बघून कुशाबा परबांच्या खोलीत आले आणि उंबऱ्यातच बसले.

“कमल, मला सगळं जुळलंय. पन माझा पुरावा तुझ्या घरातनं जातुया. म्हून विचारायला आलो.”

कमल बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. तांदूळ स्वच्छ होते.

“संपाचो सातवो म्हयनो,” ती शेवटी बोलली. “चुलीत काय नाय. ती सखूबाई बाजार उठलो की पाटीत उरलेलां आमच्या दारात ठेवून जायची. काय्येक बोलायची नाय. ती पण पोटाशी, मी पण. माझो झील आठव्या दिवशी गेलो. त्याच्या तिसऱ्या दिवशी पुतळाबाय इली, वटीत चार दिवसाचां पोर. म्हणाली, सखू गेली, तुका दूध हा, ह्याका पाज. मी पाजलंय.” तिनं सूप खाली ठेवलं. “मगे कोणी परत मागूक इला नाय. एकच बोलली पुतळाबाय: हिका बाजारात आणू नको, बघून माझो जीव राहूचो नाय. बावीस वर्सां मी त्या बाजाराच्या वाटेन गेलंय नाय.”

कुशाबा खाली बघत होते. त्यांचा सगळ्यात पक्का पुरावा जाळ्यातच होता. मालननं अकरा नळ्या स्वतः भरल्या असत्या, तर सोनूबाई मालनपासून एकाच रेघेवर कशी? बाकीच्या सगळ्या बायका चार-चार, नऊ-नऊ रेघा लांब. परक्या बाईशी असा योग जुळत नसतो. म्हणजे मालन त्या ओळीतलीच. हे म्हटलं की नोकरी वाचते, आणि हे म्हटलं की कमलची लेक जाते.

“तुझ्या तोंडून आलं न्हाई, तर माझ्या तोंडून न्हाई यायचं,” ते म्हणाले.



६

शनिवारी अकराला समितीत तीन साहेब, बिस्किटांची बशी आणि भिंतीवर जाळं होतं. मालनचा चेहरा कागदासारखा पांढरा. मीनाक्षी वही घेऊन आणि कुशाबा ‘शेजारी’ ह्या पदावर उपस्थित होते.

“अकरा ताग्यांत एकाच जागी एकच दोष आला,” कुशाबांनी सुरुवात केली, “तर आमी विणकराला चोर म्हनत नव्हतो. माग कुठला, ते बघायचो.” त्यांनी बाजाराच्या ओळीचा हातानं काढलेला नकाशा जाळ्याशेजारी लावला. तेरा ओटे, तेरा नळ्या. होडी लेकाला, ओटा लेकीला. “तुमी आडनाव वेगळं बघितलं. ते नवऱ्याचं. पत्ता वेगळा बघितला. तोबी नवऱ्याचा. तपासायची आईची पट्टी, आन् तुमच्या फॉर्मावर आईचं नाव लिवायला रकाना न्हाई.”

एका साहेबानं बिस्किट बशीत परत ठेवलं.

“वर्तुळ मोठं म्हंजी ते जुनं न्हवं, आद्यबिद्य न्हवं. एकाच घराचं दार तेरा वेळा वाजिवलं, म्हून मोठं.”

केंकऱ्यांच्या डोळ्यांसमोरून परदेशाचं विमान एकटंच उडून गेलं. पण ते हुशार होते.

“मान्य. त्या तेरा जणी एका घरच्या असतील. असायलाच पाहिजेत असं नाही. ही मुलगी बाजारात गेली, सोनूबाई आणि तिच्या लेकीच्या दोन नळ्या भरल्या, कंटाळली आणि उरलेल्या अकरा स्वतः भरल्या. नाही तर तुमच्या त्या ओळीचं वर्तुळ आणि हिचं वर्तुळ एकच कसं? सांगा.”

कुशाबा भिंतीवरचा नकाशा काढू लागले.

“सांगा ना.”

“माझं एवढंच हाय,” कुशाबा म्हणाले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी दोष दिसत असून तागा पुढे जाऊ दिला.

मधल्या साहेबानं पेनाचं टोपण काढलं. मालन मान खाली घालून बसली होती. पेन कागदाला लागलं, आणि दार उघडलं.

कमल आत आली. हातात डबा होता, तो कुठे ठेवायचा हे तिला कळेना. मालनकडे न बघता ती थेट केंकऱ्यांशी बोलली. “सायबानू, ती माझी नाय. म्हणजे माझीच हा. पण पोटची नाय. त्या ओळीतल्या सखूबायची. आता लिहा काय ता.”

कमलनं डबा शेवटी बिस्किटांच्या बशीशेजारी ठेवला.

“आई,” मालन म्हणाली, “मला माहितेय.”

“काय म्हायत हा?”

“स-१.” मालन उठून जाळ्यापाशी गेली आणि तिनं कोपऱ्यातल्या एकट्या वर्तुळावर बोट ठेवलं. “ही तू. यंत्र शिकताना पहिली तुझीच वाचली. लेकीची पट्टी आईसारखी असते ना? आपल्यात सात रेघा निघाल्या. तीन महिने झाले. बुधवारी सर म्हणाले तू ह्या वर्तुळात कशी, तेव्हाच मला कळलं मी बाजारातल्या त्या ओळीतली. सांगितलं असतं तर सुटले असते.”

“मगे सांगलंस कित्याक नाय?”

“चाळ आहे आपली. माझ्या आधी बातमी घरी पोचली असती. तुला वाटलं असतं मी जाणार.”

“मेले,” कमल म्हणाली, “नोकरी घालवत होतंस?”

“तू मला चोर ठरवत होतीस!”

समितीपुढे असं भांडण पूर्वी झालं नव्हतं, त्यामुळे त्याची नोंद कशी घ्यायची हे कुणाला कळेना. कुशाबांनी तेवढ्यात सोनूबाईच्या एका रेघेचा हिशेब सांगून टाकला. मीनाक्षीनं वही पुढे सरकवून सगळ्यांच्या रेघा मोजून दाखवल्या. मधल्या साहेबानं पेनाला टोपण लावलं.

मालनला ‘घरी भेट’ हे खोटं लिहिल्याबद्दल लेखी समज मिळाली. नोकरी राहिली. केंकऱ्यांनी भाषण बदललं. त्यांना आता आईकडून लेकीकडे जाणाऱ्या ओट्यांचा शोध लागला होता. फॉर्मवर आईच्या नावाचा रकाना आला. निबंधाच्या शेवटी, बारीक अक्षरात, ‘एका स्थानिक रहिवाशाचे’ आभार मानले आहेत. ते कुशाबा.

७

रविवारी सकाळी कमल बाजाराच्या दारात येऊन थांबली. मालननं तिचा हात धरला होता. कोण कुणाला धरून होतं, ते सांगणं कठीण.

पुतळाबाईनं दोघींना येताना बघितलं. ओळीतले कोयते पुन्हा थांबले. म्हातारी उठली, ओट्यांच्या कडेनं चालत शेवटापर्यंत गेली आणि चौदाव्या ओट्यावरची पालथी पाटी तिनं उचलली.

“बावीस वर्सं कुटं मेली होतीस?” ती कमलवर ओरडली.

“तूच नको म्हणालंस बाजारात आणूक!”

“मी पोरीला नको बोलले. तुला कवा बोलले?” पुतळाबाईनं पदरानं ओटा पुसला. तो आधीच स्वच्छ होता. “बस. नाय, तू आधी. पोर मागशी बसंल. ओटा आयशीकडशी लेकीला जातो.”

कमल बसली. सिमेंट थंड होतं. तिनं बावीस वर्षांनी तो वास छातीभर घेतला आणि विचारलं, “सुरमई ताजी हा काय?”